टीव्ही कपाटातून बाहेर काढताना

शिमग्याला गावी आलेल्या मुंबईच्या मंडळाने आमच्या शाळेला 43 इंची टीव्ही दिला. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. गणपतीला तीच मंडळी परत आली तेव्हा एका काकांनी रस्त्यात गाठून विचारलं, "बाईनू, टीव्ही चलता मां?" चालत असावा. तो खोक्यात होता, खोकं कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींच्या सामानातून पार दुसऱ्या तालुक्यात पोचली होती. काकांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

पुढच्या काही वर्षांत तो टीव्ही, चार टॅब आणि पालकांचे फोन यांतून मुलांना खरंच काही शिकवता येतं का, ते करून पाहिलं. जे जमलं आणि जे फसलं ते पायरीपायरीने मांडते. माझ्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्गातली द्विशिक्षकी, तीसच्या आत पट असलेली वाडीवरची शाळा आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर फार वेगळं नसावं.

आधी मूल, मग वीज, मग मजकूर, मग तास, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम उलटा लागतो, कारण वस्तू भेट म्हणून आधीच दारात येऊन उभी असते. हे आपल्यापुरतं नाही. प्रत्येक मुलाच्या हाती शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा, अशी घोषणा 2005 मध्ये झाली. भारतातला त्याचा सुरुवातीचा प्रयोग 2007 मध्ये रायगडच्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या छोट्या शाळेत झाला. पेरू देशाने तर हे लॅपटॉप लाखांनी घेतले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गणित-भाषेच्या चाचण्यांत काही फरक दिसला नाही. लॅपटॉप पोचले होते, मुलं ते वापरतही होती. वर्गातलं शिकवणं तेवढं जिथल्या तिथे होतं.

पहिले दोन दिवस फक्त कागद

टीव्हीचं खोकं उघडू नका. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा आणि वाचायला लावा. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरच्या पाहणीत वापरतात तो कागद मराठीत मिळतो: अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट. गणितातही तसंच, अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. वहीत इयत्तेचा रकाना करू नका. कोण अक्षरावर अडलंय, कोण परिच्छेदावर, एवढंच लिहा.

हे करताना पोटात गोळा येतो. पाचवीतलं मूल शब्दावर अडलेलं असतं आणि तिसरीतली एखादी चुणचुणीत मुलगी गोष्ट घडाघडा वाचते. पण सगळ्या पुढच्या कामाचा पाया ही यादीच आहे. 2015 मध्ये दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत संगणकावर गणित-हिंदी शिकवण्याचा प्रयोग झाला. साडेचार महिन्यांत मुलांची प्रगती ठळक दिसली. त्या आज्ञावलीचं मुख्य बळ असं की ती मुलाला त्याच्या इयत्तेचं नाही, त्याच्या पातळीचं उदाहरण देत होती. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली होती. शिवाय निम्मा वेळ संगणकापुढे आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणसाबरोबर, अशी विभागणी होती. हा दुसरा भाग विकणारे लोक सांगत नाहीत.

यादी झाली की एकच गाठ निवडा. आम्ही पहिल्या वर्षी हातच्याची वजाबाकी घेतली. 'डिजिटल शाळा करायची' ही गाठ नव्हे, तो फलक आहे.

वीज: पंधरा दिवसांची नोंद

दाराच्या मागे कागद चिकटवा आणि लाईट कधी गेली, कधी आली ते मुलांनाच लिहायला सांगा. हे जुलैत करा. फेब्रुवारीत केलेली नोंद खोटी पडते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने देवगड-मालवण-वेंगुर्ल्याकडे खांब आडवे केले तेव्हा कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. तसं दर वर्षी होत नाही, पण एक फांदी तारेवर पडली की दोन दिवस गेलेच.

आता थोडं गणित, कारण दुकानदार तुम्हाला हवं त्यापेक्षा मोठंच देतो. 43 इंची एलईडी टीव्ही साधारण 80 वॉट खातो (नेमका आकडा मागच्या पट्टीवर असतो). 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे 1800 वॉट-अवर. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून 900 धरा, आणि इन्व्हर्टरची गळती वजा केली की हाती 700-750 राहतात. म्हणजे टीव्ही नऊ तास. दिवसाला एक तास धरला तर लाईट नसतानाही शाळेचा आठवडा निघतो. मात्र काम झालं की इन्व्हर्टरचं बटण बंद करा, नाहीतर तो रिकामा बसूनही बॅटरी खात राहतो. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचं नको. प्रोजेक्टर मागू नका. तो दोन-अडीचशे वॉटच्या पुढे जातो, खोलीत अंधार लागतो आणि त्याचा दिवा किंवा पंखा बिघडला तर दुरुस्तीला कोल्हापूर गाठावं लागतं.

सौर पॅनेलबद्दल: ऑक्टोबर ते मे उत्तम. जून ते सप्टेंबर त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. आणि बसवण्याआधी आंब्याची सावली दुपारी कुठे पडते आणि वांदर कुठून उड्या मारतात, दोन्ही बघा.

अर्थिंग स्वतः उभं राहून तपासून घ्या. कातळावरच्या शाळेत मे महिन्यात जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. कोळसा-मीठ घालून त्यात अधूनमधून पाणी ओतायचं काम मुलांच्या पाळीत टाका. वीज कडकडायला लागली की बटण बंद करून भागत नाही. प्लग उपटायचा आणि डिशची किंवा इंटरनेटची वायरही काढायची. आमच्या शेजारच्या वाडीतला टीव्ही गेला तो डिशच्या वायरीतून.

खारी हवा, पत्र्यावरचा पाऊस

माहितीपुस्तकांत हे प्रकरण नसतं, म्हणून थोडं जास्त लिहिते.

जांभ्याची भिंत जुलैत पाझरते. टीव्ही बाहेरच्या भिंतीवर कधीच टांगू नका. आतल्या भिंतीवर, तोही दोन इंच लाकडी पट्टी मध्ये घालून. पावसाळ्यात टीव्ही रोज किमान पंधरा मिनिटं चालू ठेवा, शिकवायचं नसलं तरी. त्याच्या स्वतःच्या उबेने आतला ओलावा निघतो. महिनाभर बंद ठेवलेला टीव्ही गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतर सुरू होईलच असं नाही.

समुद्राजवळ प्लगच्या पिना आणि यूएसबीची तोंडं हिरवट होतात, पितळेच्या भांड्याला कळंक येतो तशी. पंधरवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, टॅब हे सगळं रबराच्या झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. तो तवा परत स्वयंपाकात नको. डबा नसेल तर जुनी युक्ती चालते: लाकडी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचा.

टॅब मेच्या सुट्टीत शून्यावर उतरवून ठेवले तर जूनला निम्मे मेलेले सापडतात. निम्मं चार्जिंग करून ठेवा आणि महिन्यातून एकदा कोणीतरी बघा. बॅटरी फुगून पाठ वर आलेली दिसली तर तो टॅब त्याच दिवशी मुलांपासून लांब. 'अजून चालतोय' म्हणून वापरू नका.

आणि आवाज! पत्र्याच्या छपरावर सरी कोसळायला लागल्या की टीव्हीतल्या बाई नुसतं तोंड हलवताना दिसतात. मी पहिल्या पावसाळ्यात आवाज वाढवत बसले आणि मुलं कानावर हात ठेवून बसली. उपाय साधा आहे. स्पीकर टीव्हीपाशी न ठेवता मुलांच्या मधोमध ठेवा आणि मुलांना चटईवर त्याच्याभोवती बसवा. सर मोठी आली तर व्हिडिओ मूक करून तुम्हीच बोला. बऱ्याचदा तोच तास चांगला होतो.

मजकूर: इंटरनेट नाही असं धरूनच चला

रेंज सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ-माळावर मिळते आणि शाळा घळीत असते. 2020 च्या टाळेबंदीत मुलं सड्यावर झोपडी करून अभ्यासाला बसली, त्याचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यात व्यवस्थेची शोभा दिसली नाही. शाळेत रोज लागणारी गोष्ट रेंजवर टांगू नये.

तालुक्याला मीटिंगला जाल तेव्हा चांगली रेंज बघून महिन्याचं सामान भरून आणा. 'दीक्षा' या सरकारी अॅपमध्ये पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड टिपा, किंवा त्याखालची सहा चिन्हं टंका. त्या धड्याचं साहित्य उतरवून घेतलं की पुढे इंटरनेटशिवाय चालतं. वाचनासाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हा खजिना आहे. मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या, मोफत, छापायलाही परवानगी असलेल्या. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही हलती-बोलती प्रात्यक्षिकं, त्यातली बरीच मराठीत आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आणि मराठी पुस्तकं, दोन्ही मिळतात.

जुना अँड्रॉइड फोन असेल तर त्यावर 'किविक्स' हे इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं अॅप टाका आणि मराठी विकिपीडिया उतरवून घ्या. त्या फोनचं हॉटस्पॉट सुरू केलं की बाकीचे टॅब इंटरनेटशिवाय त्यातून वाचू शकतात. पडदा तडकलेला चालेल, फक्त बोट लावलं की चालला पाहिजे. थोडी जास्त तयारी असेल आणि जुना लॅपटॉप हाताशी असेल तर 'कोलिब्री' हे अभ्यासाचं सॉफ्टवेअर बघा. तेही याच तत्त्वावर चालतं आणि कुठल्या मुलाने काय सोडवलं त्याची नोंदही ठेवतं. दोन्ही मोफत आहेत.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावताना तीन गोष्टी नडतात. बरेच टीव्ही फॅट32 पद्धतीचा पेनड्राइव्हच नीट वाचतात आणि त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. व्हिडिओ एमपी4, एच.264 पद्धतीचा असू द्या, नवीन एच.265 पद्धतीचा जुन्या टीव्हीला पचत नाही. आणि फाइलची नावं देवनागरीत दिली तर काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात. म्हणून 01, 02, 03 असे आकडे द्या आणि कुठल्या आकड्यात काय आहे त्याची यादी मराठीत लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. पेनड्राइव्हची दुसरी प्रत घरी ठेवा.

बाहेरच्या साहित्यातली मराठी पुण्याची असते. पहिलीतल्या मालवणी पोराला ती अर्धी परकी वाटते. त्यासाठी फोनचा रेकॉर्डर वापरा. वाडीतल्या आजीची गोष्ट तिच्याच बोलीत टिपा, मुलांना ऐकवा, मग तीच प्रमाण मराठीत सांगायला आणि लिहायला लावा. आमच्याकडच्या सगळ्या साहित्यात जास्तीत जास्त वेळा मागून ऐकली गेली ती एका आजीची कोल्ह्याची गोष्ट. मध्येच कोंबडा आरवतो, तो तसाच ठेवलाय.

तास कसा घ्यायचा

इथे खरं काम आहे. टीव्ही लावून खुर्चीत बसलात तर मुलं चित्रं बघतील, शिकणार नाहीत.

वजाबाकीचं उदाहरण घेते. 42 मधून 17. आधी टीव्ही बंदच. माडाच्या हिरांच्या काड्या तोडून आणलेल्या असतात. दहाची मोळी, त्याला रबर. चार मोळ्या, दोन सुट्या. 'सात दे' म्हटलं की मूल अडतं, कारण सुट्या दोनच. मग कोणीतरी मोळी सोडतं. हा क्षण हातात घडला पाहिजे, पडद्यावर नव्हे. त्यानंतर व्हिडिओ, तीन-चार मिनिटांचाच. जिथे हातचा घेतला जातो तिथे थांबवा आणि विचारा, "आता तो काय करणार?" उत्तर सगळ्यांनी पाटीवर लिहायचं आणि पाटी एकदम वर करायची. कोण शेजाऱ्याची बघून लिहितंय ते लगेच कळतं. मग पुढचा भाग लावा आणि पडताळा. तोच तुकडा पुन्हा लावा, या वेळी आवाज बंद, समजावून सांगायला एक मूल. शेवटची दहा मिनिटं वहीत पाच उदाहरणं. एकूण वीस-पंचवीस मिनिटं, त्यात पडदा चालू जेमतेम आठ मिनिटं.

दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असल्या की टॅबचा खरा उपयोग कळतो. टॅब तुम्हाला मोकळं करतात. मोठी मुलं त्यावर सराव करत असताना तुम्ही अक्षरावर अडलेल्या पाच-सहा जणांना घेऊन पडवीत बसू शकता. याच्या उलट, म्हणजे मागे पडलेल्यांना टॅब देऊन गप्प बसवणं आणि हुशारांना स्वतः शिकवणं, हे मीही वर्षभर केलं. निकाल सांगायची गरज नाही.

एका टॅबवर तीन मुलं बसवा. एकाने वाचायचं, एकाने वहीत सोडवायचं, एकाने बोट लावायचं. सात मिनिटांनी घंटा, जागा बदल. घंटा नसली तर एकच दादा पूर्ण वेळ बोट लावतो आणि दोघी मुली बघत राहतात.

पालकांचा फोन

घरी फोन आहे म्हणजे मुलाकडे आहे असं नाही. वडील खलाशी असले तर फोन बोटीवर जातो. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, फोनही घरी आणि वडीलही. शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते, म्हणून मच्छीमार वाडीत फोनवरचं काम या दिवसांत उरकून घ्यावं. शेतकरी वाडीत तेच दिवस लावणीचे. आई तिन्हीसांजेपर्यंत चिखलात, तिला रात्री साडेआठच्या आधी फोन करू नये.

काय पाठवायचं? मी आधी ग्रुपवर लांबच लांब पीडीएफ टाकायचे. त्या कोणी उघडत नसे. 2020 मध्ये आफ्रिकेतल्या बोत्स्वानात शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला नुसता एसएमएस, काहींना एसएमएस आणि त्याबरोबर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या संदेशाने काही झालं नाही. फोन गेला त्या मुलांचं गणित सुधारलं. फोन साधा बटणांचा असला तरी चालत होता.

हे वाचल्यावर मी ग्रुपवरचा मारा थांबवला. मागे पडलेल्या सहा मुलांची नावं घेतली, रोज रात्री एकाला फोन. स्पीकरवर ठेवायला सांगायचं, आईसमोर दोन उदाहरणं तोंडी, एक परिच्छेद वाचून दाखवायचा, एक उदाहरण उद्यासाठी. "आई, तुम्ही फक्त ऐका," एवढं तिला सांगितलं की न शिकलेली आईही बसते. रविवारी सुट्टी, माझीही.

मुलांचे फोटो आणि गुण ग्रुपवर टाकू नका. मागे पडलेल्यांची यादी तर मुळीच नको.

सहा आठवड्यांनी परत तोच कागद

पहिल्या दोन दिवसांतली वही काढा आणि त्याच मुलांना तसंच वाचायला, सोडवायला लावा. अक्षरावरचं मूल शब्दावर आलं का, एवढंच बघायचं. आमची वजाबाकी सुधारली. वाचनासाठी आणलेल्या कार्टून गोष्टींचा मात्र काही उपयोग झाला नाही, मुलं चित्रं बघून गोष्ट सांगायची आणि अक्षरांकडे बघायचीच नाहीत. त्या बंद केल्या आणि त्याच गोष्टी छापून, दोघांत एक प्रत देऊन वाचायला लावल्या. पडद्याला कागदाने हरवलं तर हरवू द्यावं.

आता खरेदीची यादी

गणपतीत चाकरमानी विचारतातच, "शाळेक काय होया?" तेव्हा 'काहीही द्या' म्हणू नका, खिशातून कागद काढा. आमची यादी साधारण अशी असते: मेमरी कार्डचा स्पीकर, चालू स्थितीतले, पासवर्ड आणि जुनी खाती काढून टाकलेले अँड्रॉइड फोन, चार्जरसह, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि वर्षाच्या दुरुस्तीपुरते रोख पैसे, छापील गोष्टींसाठी कागद. शेवटच्या दोन गोष्टींवर फोटो निघत नाही म्हणून कोणी देत नाही. मंडळाच्या बैठकीत मीच जाऊन हे बोलले, तेव्हा एकदा हशा झाला आणि पैसेही मिळाले. विजेचं बिल ग्रामपंचायत भरणार की शाळा, हे टीव्ही भिंतीवर चढण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

बदलीच्या आधी

आपली बदली होणारच आहे असं धरून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, वेगळं, ते हिशेबाला. या वहीत पासवर्ड, पेनड्राइव्हची यादी, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घातलं, कुठला प्लग सैल आहे, टीव्ही रुसला तर काय करायचं ते. वही लिहायची जबाबदारी चौथी-पाचवीतल्या दोन मुलींकडे द्या आणि दर वर्षी त्यांनी खालच्या इयत्तेतल्या दोघींना शिकवून ती पुढे द्यायची. गुरुजी-बाई बदलतात, वाडीतल्या मुली पाच वर्षं तिथेच असतात.

कपाटाच्या दोन किल्ल्या करा. एक शाळेत खिळ्याला, दुसरी शाळेला लागून असलेल्या घरात, ज्या काकी पोषण आहार शिजवतात त्यांच्याकडे.